चाळीस टक्क्यांच्या वर

"हाक मारली की बघतो का?" मॅडमनी विचारलं.

"हो, बघतो ना," मी म्हणाले. "म्हणजे कधी कधी लगेच नाही बघत, पण बघतो."

टेबलाखालून ह्यांनी माझ्या पायावर पाय दिला.

ह्यांचं बरोबर होतं. जानेवारी २०२४ मधली ती सकाळ, सरकारी रुग्णालयातली दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीची ती खोली, आणि पहिल्यांदाच असं झालं होतं की मुलाचं चांगलं सांगितलं तर नुकसान त्याचंच होणार होतं. शेजारणी, नणंद, बालवाडीच्या बाई, सगळ्यांना मी तीन वर्षं एकच सांगत आले होते: समजतं त्याला सगळं, फक्त बोलायला उशीर आहे. ते इतकं पाठ झालं होतं की नको तिथेही तोंडातून निघत होतं.

सोन्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. सोन्या हे घरचं नाव, कागदावरचं इथे नको. तो साडेतीन वर्षांचा असताना आम्हाला कळलं. 'पाणी दे' असं तो कधी म्हणायचा नाही. 'तुला पाणी पाहिजे?' असं म्हणायचा, कारण मी त्याला तसं विचारायचे. बाहेरून आला की दारात उभा राहून 'मी आले' म्हणायचा, माझ्यासारखंच. सासूबाईंना त्याचं कौतुक वाटायचं, आईवेडा आहे म्हणून. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून मोरीत जाऊन बसायचा. आणि हाच मुलगा चार वर्षांचा व्हायच्या आत बसच्या पाट्या वाचायला लागला. कुणी शिकवलं नव्हतं. डांगे चौकात त्याला घेऊन उभं राहिलं की 'निगडी', 'मनपा भवन', 'हिंजवडी' असं एकापाठोपाठ एक, बातम्या वाचल्यासारखं. बाजूची माणसं म्हणायची, केवढा हुशार आहे हो. तेवढ्यात त्यांनी नाव विचारलं की हा म्हणायचा, 'तुझं नाव काय बाळा?' आणि पुढची पाटी.

आमच्या भागातल्या चार खासगी शाळा आम्ही पालथ्या घातल्या. नाही असं कुणी म्हणालं नाही. एकीकडे म्हणाले, आमच्याकडे स्पेशल एज्युकेटर नाही, त्याच्यावर अन्याय होईल. दुसरीकडे म्हणाले, यंदा जागा भरल्या, आणि आमच्या मागून आलेल्या जोडप्याला फॉर्म दिला. तिसरीत सोन्यानं ऑफिसातला पंखा बंद-चालू, बंद-चालू करून दाखवला, तिथे बोलणं फार लांबलंच नाही. चौथीत शुल्काचा आकडा ऐकून आम्हीच उठलो. ह्यांची नोकरी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये, मी हिशेबाचं काम सोडून सोन्यामागे घरी बसलेली. ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच, दोन्ही मिळून आठवड्याला चार सेशन. त्यातच पगाराचा मोठा तुकडा जायचा.

थेरपी सेंटरच्या बाहेर चपलांच्या स्टँडजवळ एक बाकडं आहे. माझं बरंचसं शिक्षण त्या बाकड्यावर झालं. तिथेच एका मुलीची आई म्हणाली, "तुम्ही आरटीईत का नाही भरत?"

मी म्हटलं, "आम्ही ओपनवाले. आणि ह्यांचं उत्पन्न लाखाच्या वर आहे."

"दिव्यांगाला उत्पन्नाची अट नाही," ती म्हणाली. "जातीचा दाखला नको, उत्पन्नाचा नको. फक्त दिव्यांग प्रमाणपत्र, चाळीस टक्के आणि वर."

हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं म्हणून सांगते. शिक्षण हक्क कायदा, म्हणजेच आरटीई, २००९ चा. त्यात कलम १२ नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांचे पैसे सरकारनं शाळेला भरून द्यायचे, ह्यालाच प्रतिपूर्ती म्हणतात. दुर्बल घटकाला आपल्याकडे एक लाखाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे, वंचित घटकाला नाही. मूळ कायद्यात दिव्यांग मुलं वंचित घटकाच्या व्याख्येत नव्हती, ती २०१२ च्या दुरुस्तीनं आली. म्हणजे सरकारच्या पैशातून खासगी शाळेत बसायचा हक्क सोन्याला तो जन्मायच्या सहा वर्षं आधीपासून होता, आणि आम्ही त्याच शाळांच्या दारात देणगीचं विचारत फिरत होतो.

तर प्रमाणपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग रुग्णालयाची तारीख. स्वमग्नतेसाठी इसा नावाची चाचणी असते. ४० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. नजरेला नजर देतो का, एकटाच हसतो का, तीच तीच हालचाल करतो का, धोका कळतो का. बेरीज ७० च्या आत राहिली तर स्वमग्नता धरत नाहीत. ७० ते १०६ सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र. त्यावरून टक्के काढतात. शाळेत जितके गुण जास्त तितकं पोर हुशार. इथे सगळं उलटं.

सोन्याला त्या दिवशी काय सुचलं कोण जाणे, त्यानं मॅडमच्या डोळ्यांत बघितलं. गोड हसला. मॅडमनी चेंडू टाकला तर परत टाकला. सहा महिने थेरपीत ज्या गोष्टीसाठी पैसे ओतले ती नेमकी त्या खोलीत घडली. मला इतका आनंद झाला आणि त्याच क्षणी इतकी धडकी भरली की काय सांगू. मी मनात म्हणत होते, अरे आज नको. नंतर घरी येऊन त्याबद्दल रडले.

मॅडम मात्र जाणकार होत्या. त्यांनी अर्धा तास काही न विचारता त्याला बसू दिलं. बाहेरून ट्रॉली खडखडत गेली, तेव्हा तो टेबलाखाली गेला तो बाहेरच येईना. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "आई, तुम्ही चांगला दिवस सांगताय. मला रोजचा दिवस सांगा." मग मी सांगितला. केस कापायला दोघांनी धरावं लागतं ते, रस्त्यात हात सोडून बसच्या मागे पळतो ते, आणि सलग अकरा महिने रात्रीच्या जेवणात फक्त पांढरा भात खाल्ला ते. बेरीज ८४ आली. टक्के पन्नास. प्रमाणपत्र तात्पुरतं, पुढे वयाच्या टप्प्यावर पुन्हा तपासणी. बाहेर आल्यावर ह्यांनी वडापाव घेतले, आणि आम्ही दोघं पोरगं पन्नास टक्के अपंग ठरलं म्हणून हसत खात होतो.

त्याच रांगेत एक बाई होत्या, नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या. मुलगा चुणचुणीत, गोष्टी सांगणारा, माझ्याशी क्रिकेटवर बोलला. त्याला वाचता येत नव्हतं. अक्षरं हलतात म्हणायचा. डिस्लेक्सिया, म्हणजे सरकारी भाषेत विशिष्ट अध्ययन अक्षमता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे. मी मोठ्या उत्साहानं त्यांना आरटीईचं सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "ताई, ह्याची तपासणीच साधारण तिसरीत, आठव्या वर्षाच्या सुमारास करतात. त्याआधी सगळीच मुलं चुकतात, तर कसं ठरवणार? आणि आरटीईचा प्रवेश फक्त पहिलीला नाहीतर नर्सरीला." माझ्याकडे उत्तर नव्हतं. लिहिता-वाचताना अडणाऱ्या मुलांना कायद्यानं दिव्यांग मानलं, दिव्यांगांना जागा दिल्या, पण त्यांचं प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत त्या जागांचं दार दोन-तीन वर्षांपूर्वीच बंद झालेलं असतं. हे कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. दोन खात्यांनी दोन कागद लिहिले, आणि ते समोरासमोर ठेवून कुणी वाचले नाहीत, एवढंच.

आमचं वर्ष मात्र मुहूर्त बघूनच निवडलेलं. ९ फेब्रुवारी २०२४ ला शासनानं नियम बदलले. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांतून सूट. शहरात एक किलोमीटरमध्ये महापालिकेची शाळा नसलेली जागा शोधायची म्हटलं तर नदीपात्रात जावं लागेल. एप्रिलच्या मध्याला अर्ज सुरू झाले. मी पोर्टलवर सोन्याची माहिती भरली, नकाशावरचा लाल बलून आमच्या इमारतीवर आणून ठेवला, शाळांची यादी उघडली, तर सगळ्या महापालिकेच्या आणि अनुदानित. जिथे आधार कार्ड दाखवून केव्हाही नाव घालता येतं, तिथे जायला सोडत कशाला? बाकड्यावरच्या आम्ही सगळ्या आया भडकलो आणि तरीही सगळ्यांनी अर्ज भरले. सरकारी काम, न भरून कसं चालेल.

प्रकरण उच्च न्यायालयात गेलंच होतं. ६ मे रोजी न्यायालयानं त्या बदलाला स्थगिती दिली. १७ मे पासून नव्यानं अर्ज, जुने सगळे रद्द. आता यादीत खासगी शाळा दिसायला लागल्या. दहा निवडायच्या. मी पाच दिवस लावून दहा निवडल्या, कागदपत्रांची फाइल उघडली आणि पाहते तर भाडेकरार एप्रिलअखेर संपलेला.

भाड्यानं राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. करार नोंदणीकृत लागतो, नोटरीचा चालत नाही. किमान ११ महिन्यांचा, आणि अर्जाच्या आधीच्या तारखेचा. आमचे घरमालक काका मे महिन्यात वाईजवळ त्यांच्या गावी, आंब्याच्या झाडाखाली. फोन केला तर म्हणाले, "अगं, जूनमध्ये येतोच की मी." नोंदणीला त्यांचा अंगठा लागतो. शेवटी ह्यांनी एजंटला आणि त्याच्या अंगठ्याच्या मशिनला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि कात्रज, खंबाटकी करत वाई गाठली. काकांनी अंगठा दिला, दोघांना जेवू घातलं, आणि एक करंडी आंबे दिले. एजंटनं जाण्या-येण्याचे वेगळे पैसे घेतले ते घेतलेच, आंबेही निम्मे नेले. करार २४ मे चा, आमचा अर्ज २५ मे चा.

७ जूनला सोडत निघाली. निकाल मात्र जाहीर नाही, कारण न्यायालयाचा अंतिम निर्णय बाकी. १५ जूनला शाळा सुरू झाल्या. गल्लीतली सगळी मुलं दप्तरं घेऊन गेली. आणि आम्ही मोबाइलवर पोर्टल उघडतोय, बंद करतोय. मेसेज येईल तेव्हा येईल, त्यावर विसंबू नका, अर्ज क्रमांक टाकून रोज बघा, असं सगळे सांगत होते. मी दिवसातून दहा वेळा बघायचे.

ह्या सव्वा महिन्यात सोन्याला घरी ठेवण्यापेक्षा म्हणून महापालिकेच्या शाळेत घातलं. हे सांगायला मला थोडं अवघड जातं. मुख्याध्यापिका बाईंनी प्रमाणपत्र वाचलं, फाइल मिटली आणि म्हणाल्या, "उद्यापासून आणा." बस्स. ऑब्झर्वेशन नाही, आम्ही विचार करून कळवतो नाही. त्यांच्याकडे समग्र शिक्षा योजनेतून एक फिरत्या विशेष शिक्षिका यायच्या, आठवड्यातून एक दिवस, बाकीचे दिवस इतर शाळा. त्यांनी पहिल्याच भेटीत सोन्याच्या खिशात कापसाचे बोळे दिले आणि घंटा व्हायच्या आधी कानात घालायला शिकवलं. साधी गोष्ट. दोन वर्षांत कुणाला सुचली नव्हती, मलाही नाही.

मग तिथून काढलं का? वर्गात पन्नासच्या वर मुलं, एक बाई, पत्र्यावर पावसाचा आवाज, आणि सोन्या दुपारपर्यंत बाकाखाली. हे खरं आहे. पण सगळं खरं सांगायचं तर खासगी शाळेची पाटीही आमच्या डोळ्यांत होतीच. ज्या शाळेनं दारातून परत पाठवलं होतं, तिथे हक्कानं आत जायचं होतं. त्यात मुलाचं हित किती आणि माझा राग किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

१९ जुलैला उच्च न्यायालयानं तो बदल रद्दच केला. पुढे ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. २० जुलैला सोडतीची यादी लागली. सोन्याचं नाव होतं. शाळा तीच, पंख्याची.

आधी पडताळणी समिती. सगळ्या मूळ प्रती आणि झेरॉक्सचे दोन संच घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी प्रमाणपत्र बघितलं, सोन्याकडे बघितलं, पुन्हा प्रमाणपत्र बघितलं.

"ह्याला काय झालंय? चांगला तर दिसतोय."

मी काही बोलायच्या आत सोन्यानं त्यांच्या मागच्या भिंतीवरची पाटी वाचली, "कार्यालयात थुंकू नये." साहेब हसले. "वाचता पण येतंय की," म्हणाले आणि शंका आणखी वाढली. शेवटी शेजारच्या बाईंनी त्यांना सांगितलं की प्रमाणपत्र देणं डॉक्टरांचं काम, आपलं काम शिक्का बघणं. शिक्का खरा होता. सही मिळाली.

शाळेत प्राचार्य मॅडमनी प्रवेशपत्र घेतलं आणि म्हणाल्या, "एकदा त्याचं ऑब्झर्वेशन करून घेऊ." माझ्या पर्समध्ये कायद्याच्या कलम १३ ची झेरॉक्स होती. प्रवेशाआधी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायची नाही, लावली तर पहिल्या वेळेला २५ हजारांपर्यंत दंड. बाकड्यावरच्या मैत्रिणींनी खुणेची पट्टी लावून दिली होती. ती मी काढली नाही. ह्याच बाईंच्या हाताखाली पोराला आठवीपर्यंत बसायचंय, हा विचार आला. फक्त म्हटलं, "मॅडम, प्रवेश तर झालाय. आता शिकवायच्या दृष्टीनं बघायचं असेल तर बघा की." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. कळलं त्यांना. "ठीक आहे," म्हणाल्या, "पण शॅडो टीचर तुम्हाला आणावी लागेल."

शॅडो टीचर म्हणजे वर्गात मुलाच्या शेजारी बसून त्याला सांभाळणारी बाई. चौकशी केली तर महिन्याला चौदा हजार.

इथे मला पहिल्यांदा पैशाचं गणित समजलं. आरटीईच्या मुलामागे आपल्याकडे सरकार शाळेला वर्षाला १७,६७० रुपये देतं. कोविडच्या २०२०-२१ ला ते ८ हजारांवर आणले होते, पुन्हा पूर्ववत केले. ह्या शाळेचं स्वतःचं शुल्क ४६ हजार, त्यामुळे शाळा मुळातच नाखूश. ठीक, ते त्यांचं आणि सरकारचं. पण १७,६७० हा आकडा सगळ्या मुलांना एकच. ज्याला नुसतं बाक पाहिजे त्यालाही तेवढेच, आणि ज्याला बाकावर बसायला शिकवायलाच एक माणूस लागतो त्यालाही तेवढेच. सोन्या आत गेला तो पन्नास टक्क्यांच्या कागदावर, पण आत गेल्यावर त्या कागदाला शून्य रुपये.

उलट महापालिकेच्या शाळेत होता तेव्हा समग्र शिक्षेत अशा मुलासाठी वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद होती, त्यातून साहित्य, आणि फिरत्या शिक्षिकाही त्याच योजनेतल्या. ती तरतूद सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरती. सोन्यानं खासगी शाळेचा उंबरा ओलांडला आणि कापसाचे बोळे देणाऱ्या बाई मागे राहिल्या. मी त्यांना फोन करून विचारलं, इकडे येता येईल का. म्हणाल्या, "ताई, मनात असून यायचं नाही. तुमची शाळा माझ्या यादीत नाही."

माझी मामेबहीण फ्लोरिडात असते. तिच्या मुलीलाही स्वमग्नता. तिकडे राज्य सरकार अशा मुलाच्या नावानं रक्कम बाजूला ठेवतं, ती खासगी शाळेच्या शुल्काला वापरा, थेरपीला वापरा. मी तिला म्हटलं, नशीबवान आहेस. ती म्हणाली, "पैसे घेतले की सरकारी शाळेत मिळणारा हक्क सोडावा लागतो. खासगी शाळेनं उद्या नको म्हटलं तर भांडायला मी कुठे जाऊ?" मी म्हटलं, माझ्या पर्समध्ये भांडायचा कागद आहे, तुला पाठवू का? दोघी व्हिडिओ कॉलवर खूप हसलो.

चौदा हजार नव्हते. म्हणून ऑगस्ट ते नोव्हेंबर मीच वर्गात बसले. पहिलीच्या बाकावर, गुडघे छातीशी. मी पुन्हा बाराखडी शिकले, पहिली घटक चाचणी मला पाठ झाली, आणि वर्गातल्या मुली मला 'सोन्याची आई' न म्हणता नुसतंच 'सोन्याआई' म्हणायला लागल्या. वर्गशिक्षिका जेमतेम पंचविशीची, डी.एड. झालेली. तिला अशा मुलांचं काहीच शिकवलेलं नव्हतं, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि तिथूनच ती मला आवडली.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. प्रार्थनेच्या भोंग्याला किंचाळणं, एक तास संपून दुसरा सुरू झाला की रडणं, एकदा शेजारच्या मुलाला चावला. त्या मुलाचे वडील शाळेत आले. मी माफी मागितली. ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्यापेक्षा बोलले असते तर बरं.

मग एक दिवस बाईंनी मला विचारलं, "ह्याला काय आवडतं?" मी म्हटलं, बसच्या पाट्या. दुसऱ्या दिवशी तिनं खाकी पुठ्ठ्याच्या आठ पट्ट्या कापून आणल्या आणि फळ्याशेजारी उभ्या लावल्या. 'प्रार्थना.' 'मराठी.' 'गणित.' 'डबा.' 'खेळ.' सगळ्यात खाली 'घर'. आणि वर चुंबकाची छोटी लाल बस. प्रत्येक तासाला बस एक थांबा खाली. सोन्या उठला, फळ्याजवळ गेला, सगळ्या पाट्या मोठ्यांदा वाचल्या आणि बस 'मराठी'वर आणून जागेवर बसला. तास बदलला, तो रडला नाही. उठला, बस हलवली. वर्गातली इतर मुलं म्हणायला लागली, आम्हालापण बस चालवू दे. नंतर पाळी लावावी लागली. पुठ्ठा तिनं स्टेशनरीच्या दुकानातून स्वतःच्या पैशानं आणला होता. मी द्यायला गेले तर घेतले नाहीत.

डिसेंबरपासून मी वर्गाबाहेर, कॉरिडॉरमध्ये. जानेवारीपासून घरी, फोन हातात. आता तो दुसरीत आहे. मित्र म्हणावा असा एक आहे, तोच, चावलेला.

सगळं सुरळीत आहे असं नाही. गणवेश आणि पुस्तकं आरटीईच्या मुलांना फुकट मिळायला हवीत. शाळेनं पैसे मागितले, आम्ही अर्ज दिला, पुस्तकं मिळाली, गणवेशाचे भरले. ऍक्टिव्हिटी फीची चिठ्ठी दर तिमाहीला दप्तरात येते, मी दर तिमाहीला ती परत त्याच दप्तरातून पाठवते. प्राचार्य मॅडम आणि मी एकमेकींना हसून नमस्कार करतो. थेरपीचा खर्च आमचा आम्हीच करतो. दहा वर्षांचा झाला की प्रमाणपत्राचं नूतनीकरण, म्हणजे २०२८ मध्ये पुन्हा ती खोली, पुन्हा ते ४० प्रश्न. तोवर तो इतका सुधारला की बेरीज ७० च्या खाली आली तर काय, असं मी ह्यांना विचारलं. ते म्हणाले, "तेव्हा बघू. आधी सुधारू तर दे."

मागच्या महिन्यात शाळेच्या क्लार्कनी बोलावलं होतं. आरटीईच्या मुलांची यादी वर पाठवायची, पालकाची सही पाहिजे. सोन्या बरोबर होता. टेबलावर मोठं रजिस्टर उघडं, रकाने आखलेले. त्यानं वाकून एकेक मथळा वाचायला सुरुवात केली. अनुक्रमांक. विद्यार्थ्याचे नाव. प्रवर्ग. मग एका शब्दावर अडला, बोट ठेवलं, तोडून तोडून वाचला, "प्र-ति-पू-र्ती." मान वर केली आणि क्लार्कना विचारलं, "ही बस कुठे जाते?"

प्रश्न त्यानं स्वतःहून, समोरच्या माणसाकडे बघून विचारला होता. मी सही करायची थांबले.

क्लार्कनी चष्मा काढला. "बाळा," ते म्हणाले, "ती अजून आलेलीच नाही."